चंद्रावतीची गाडी

हमरापूर, ता. पेण
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय ताई,

तू बरी असशील, बाळ बाळसं धरत असेल आणि भाऊजींच्या बँकेत मार्चअखेरची रडारड अजून सुरू झाली नसेल, असं धरून चालते. इथे आई, बाबा आणि मी मजेत आहोत. हे पत्रात लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही, खरंच मजेत आहोत. ते कसं, हेच सांगायला बसलेय.

फोन हातात असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. माझं बोलणं तुला माहीत आहे. एक वाक्य पुरं करायला मला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तू ते माझ्या वतीने पुरं करून मोकळी होतेस. बहुतेक वेळा बरोबरच करतेस. पण या वेळचं सगळं तुला अंदाजाने पुरं करता येणार नाही. म्हणून गणपतीच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करत बसलेय. जमेल तसं रोज थोडं लिहीन आणि छापून पोस्टात टाकीन.

आधी बातम्या. येत्या गुरुवारी माघी गणपती, त्यामुळे कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. माझं एक बरं आहे, मला पाय ठेवायचा नसतो, चाकांपुरती जागा लागते. बाबाजीशेठनी ऑर्डरचं सगळं काम माझ्यावर सोपवलंय. गिऱ्हाईक मेसेज करतं, मी मेसेजनेच उत्तर देते. पलीकडच्याला कळतही नाही की उत्तर देणारी बाई अडखळत बोलते. ठाण्याचे एक गृहस्थ मला "मॅडम, तुम्ही फार मोजकं आणि मुद्द्याचं बोलता" म्हणाले. बाबा अजून धरमतरलाच, बार्जवर. आईही कारखान्यात परत जायला लागलीय, उभ्याचं काम सोडून फक्त बसून रंगवायचं घेते.

"परत" कसं, ते पुढे येईल.

तू दर फोनला विचारतेस, चंद्रावती कशी आहे, बसतेस ना. मी म्हणते, छान आहे. चंद्रावती छानच आहे, त्यात खोटं काही नाही. पण मी तिच्यावर बसत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून बसलेले नाही.

रागावू नकोस, नीट सांगते.

तू होतीस तेव्हाचा आपला रविवार आठव. सकाळची मेमू पकडून पेणहून रोह्याला. आई मला कडेवर घेऊन डब्यात चढणार, तू मागून खुर्ची घडी करून चढवणार. मग रिक्षाने दाजींच्या तबेल्यावर. फौजेत घोड्यांची नोकरी करून आलेला माणूस निवृत्तीनंतर अपंगांना घोड्यावर बसवतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबांना ते फसवणुकीचं प्रकरण वाटलं होतं. आणि घोडी कोणती, तर लग्नाच्या वरातीतून सुटलेली. नाव चंद्रावती. बँडचा आवाज आयुष्यभर ऐकून इतकी शांत झालेली की माझ्या किंचाळण्याने तिचा कानही हलला नाही. पहिल्या दिवशी मी भोकाड पसरलं होतं. माझे पाय कात्रीसारखे एकात एक, ते फाकवून तिच्या पाठीवर बसवायचे म्हणजे जीव जायचा. मग तिच्या अंगाची ऊब लागून मांड्या हळूहळू सैल झाल्या. तबेल्यातला शिवा पुढे लगाम धरून, डावीकडे फिजिओथेरपीच्या नमिता मॅडम, उजवीकडे तू.

नमिता मॅडमनी तेव्हा समजावलं होतं की घोडी चालते तेव्हा बसणाऱ्याची कंबर तशीच हलते, जशी चालणाऱ्या माणसाची हलते. म्हणजे मी जन्मात कधी चालले नसले तरी माझी कंबर बरंच चालली आहे. मला हे फार आवडलं होतं. चबुतऱ्यावरून मी घोडीवर बसले की तुम्ही सगळे खाली दिसायचे. तुझ्या केसांतला भांग मी तिथूनच पहिल्यांदा पाहिला.

तुझं लग्न झालं आणि उजवीकडे आई चालायला लागली. तिची उंची कमी, तिला हात वर धरून चालावं लागायचं. मीही वाढत होते, आणि उंचीला नव्हे. तू गेल्यावर घरात मला टोकणारं कुणी उरलं नाही आणि आईने मला खायला घालायला काही कमी केलं नाही.

एप्रिलमध्ये जनावरांचे डॉक्टर तबेल्यात आले होते. त्यांनी चंद्रावतीच्या पाठीवरून, खोगिराच्या जागी, दोन बोटं दाबत नेली. एका ठिकाणी ती दबली. फक्त इतकंच, पाठ जराशी खाली गेली आणि तिने मान फिरवली. डॉक्टरांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग ते दाजींशी बाजूला जाऊन बोलले आणि दाजी माझ्याकडे आले. ते उभ्याने बोलले नाहीत, माझ्या खुर्चीसमोर उकिडवे बसले. म्हणाले, "मृणाली, तुला ओझं म्हणत नाही मी. पण घोडीच्या पाठीला आता झेपत नाही. लहान पोरं बसतील. तुला बसवता येणार नाही."

मी हसून "बरं" म्हटलं. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. वीस वर्षांची मुलगी आणि एक घोडी तिला जड झाली म्हणून रडते, हे आईला दिसू द्यायचं नव्हतं. नंतर दाजींचे फोन आले, नुसती भेटायला तरी ये म्हणून. मी परीक्षा आहे सांगितलं. परीक्षा नव्हती.

पण ताई, त्या दिवशी मी आणखी एक पाहिलं होतं, आणि ते माझ्या मनातून जात नव्हतं. डॉक्टर घोडीची पाठ दाबत होते तेव्हा आई शेजारी उभी होती. तिचा एक हात तिच्याच कमरेवर होता आणि ती बोटांनी तीच जागा दाबत होती. घोडीची पाठ बघायला डॉक्टर आले होते. आईच्या पाठीला माझं वजन झेपतं का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.

आता जे लिहिते ते आईने तुला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं.

जूनमध्ये आईची पाठ गेली. मला न्हाणीतून उचलून पलंगावर ठेवताना ती अर्ध्यात वाकली ती वाकलेलीच राहिली. मला तिने पाडलं नाही. मला नीट ठेवलं आणि मग स्वतः जमिनीवर बसली, आणि तिला उठता येईना. बाबा बार्जवर. मी पलंगावर, ती खाली, दोघींपैकी कुणालाच दारापर्यंत जाता येत नव्हतं. शेवटी मी फोनवरून बायजामावशीला मेसेज केला, ती शेजारून धावत आली. पेणच्या डॉक्टरांनी फोटो काढले. मणक्यातली गादी सरकलीय म्हणाले. झोपून राहायचं आणि यापुढे काहीही जड उचलायचं नाही, कधीच नाही. आईने विचारलं, पोरीला उचललेलं चालेल ना. डॉक्टरांनी मानेनेच नाही म्हटलं आणि पट्टा लिहून दिला.

तुला तेव्हा सातवा लागला होता. तुला बाळंतपणाला आणायची बोलणी व्हायची होती. त्या रात्री बाबा तुला फोन लावत होते, तर आईने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाली, "वैशूला नको सांगू गो कुणी. पोटुशी बाय हाय ती, धावत येल. नायतर थितं बसून रडत ऱ्हाईल. दोन्ही वाईट."

म्हणून तुला नागोठण्याच्या पुराचं सांगितलं. अंबा नदीला पाणी चढतं, रस्ता बंद होतो, गाड्या अडकतात, अवघडलेल्या बाईला आणायची जोखीम नको, तिकडे दवाखाने चांगले आहेत. पूर आला होता हे खरं, पण तो दोन दिवसांत ओसरला, आणि आपल्या आईला पाण्याची भीती कधीपासून वाटायला लागली. मिठागरात वाढलेली बाई ती. तू फोनवर म्हणालीस, "पहिलं बाळंतपण माझं, आणि आईला पूर दिसतोय." मग तू फोन ठेवलास. आई भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला कूस बदलता येत नव्हती, म्हणून ती तशीच राहिली.

व्हिडिओ कॉलवर आई तुला कायम मानेपर्यंतच दिसायची. आम्ही तिला उशा लावून टेकवत होतो. बाळाच्या बारशाला बाबा एकटे आले, कुंची आणि वाळे घेऊन. कुंची आईने पडल्या पडल्या शिवली होती, म्हणून तिची शिवण एका बाजूला ओढलेली आहे. तुझ्या सासूबाईंनी बाबांना विचारलं म्हणे, विहीणबाई का नाही आल्या. बाबांनी काय उत्तर दिलं ते त्यांनाही आठवत नाही. परत आले तेव्हा बाळाचे फोटो आईला दाखवत बसले. आई प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून बघत होती.

तेव्हापासून तू आईशी तुटक बोलतेस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तुझ्या जागी मी असते तर बोललेच नसते.

आता चांगलं सांगते, कारण पुढचं सगळं चांगलंच आहे.

आईला उचलायची बंदी, बाबा आठवडा आठवडा बाहेर. मग माझं कसं होणार, हा प्रश्न होता. नमिता मॅडमना कळलं तशा त्या रोह्याहून घरी आल्या. त्यांनी एक गुळगुळीत फळी आणली होती. तिचं एक टोक पलंगावर, एक खुर्चीवर, आणि मी त्यावरून सरकायचं. मला वाटलं, मला कुठे जमणार, मी तर बसल्या बसल्या कलंडते. पण मी कलंडले नाही. डावा हात मुठीतून सुटत नाही तो नाही, पण उजव्या हाताने रेटून मी सरकले आणि खुर्चीत जाऊन बसले. मॅडम म्हणाल्या, "हे आज नाही आलं तुला. एवढी वर्षं घोडीने तुझी पाठ आणि पोट तयार केलंय." काकू नेहमी विचारायची ना, घोड्यावर बसून पोरगी काय चालायला लागणार आहे का. चालायला नाही लागले. पण त्या दिवसापासून आईने मला उचललेलं नाही. पहिल्यांदा मी स्वतः सरकून पलंगावर गेले तेव्हा ती शेजारच्या खाटेवरून बघत होती. थोड्या वेळाने बायजामावशीला म्हणाली, "चहा कर गो जरा, आलं घालून." तिने दिवसभरात काही मागितलं नव्हतं.

दसऱ्यानंतर आई पट्टा बांधून हिंडायला लागली. दिवाळी झाली आणि दाजींचा फोन आला. म्हणाले, परीक्षा संपली असेल तर ये, दाखवायचंय काहीतरी. मला मेमूत चढवणार कोण, म्हणून मी टाळणार होते, तर बाबाजीशेठ म्हणाले, टेंपो आहे की. तर ताई, मी रोह्याला गणपती जातात तशी गेले. फळ्यांच्या उतारावरून खुर्ची ढकलत वर, चाकांना चारी बाजूंनी दोरी, धक्का लागू नये म्हणून गवताच्या पेंढ्या. वडखळ नाक्याला एका बाईने टेंपोचं मागचं उघडं दार बघून, गणपती समजून नमस्कार केला आणि मग मला पाहून ओशाळली. मी तिला हात उंचावून आशीर्वाद दिला.

तबेल्यात चंद्रावती उभी होती आणि तिच्या मागे एक गाडी. चार चाकांची, बसकी, मागून फळी खाली सोडली की खुर्चीसकट आत जाता येईल अशी. पुढे हाकणाऱ्याची जागा, तिला पट्टे आणि उंच पाठ. हाकणाऱ्याच्या मागे आणखी एक बाक. दाजींनी असली गाडी कुठल्याशा घोड्यांच्या मेळाव्यात पाहिली होती, ती रोह्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतली. घोडीच्या पाठीवर भार नाही, तिला फक्त ओढायचं. डॉक्टरांनी तपासून होकार दिला होता. मी दाजींना विचारलं, हाकणार कोण.

ते म्हणाले, "तू. मग कुणासाठी केलीय?"

मी नाही म्हटलं. खूप वेळा नाही म्हटलं. डाव्या मुठीत लगाम कसा धरू? त्यांनी मोच्याकडून लगामाला चामड्याचे फासे शिवून घेतले होते, मनगट अडकवायला. शिवा शेजारी बसणार, त्याच्या हातात दुसरा लगाम, म्हणजे माझं चुकलं तर तो सांभाळणार. पहिले काही रविवार चंद्रावती हललीच नाही. तिला "चल" ऐकायची सवय, आणि माझा "चल" निघतो लांब, मध्येच तुटलेला. मी घरी आरशासमोर बसून "चल" घोटत होते. शिवाला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, "कशाला तरास करून घेते? तुझा शबूद हाय तसा ऱ्हाऊ दे. घोडीला तोच शिकवू." मग माझ्या तसल्या "चल"वर ती चालली की तो तिला गूळ द्यायचा. आता गंमत अशी की शिवाच्या "चल"ला ती हलत नाही. माझाच लागतो.

एकदा वळणावर एक पोरगा फटफटी दामटत अंगावर आला. चंद्रावतीने मान उडवली, गाडी तिरकी झाली. शिवाचा हात दुसऱ्या लगामावर गेलेला मी पाहिला. पण त्याआधी मी ओढला होता आणि "होss" म्हटलं होतं, आणि ती थांबली. शिवाने हात काढून घेतला. त्यानंतर तो दुसरा लगाम हातात घेत नाही, गुडघ्यावर ठेवतो.

मागच्या रविवारी आई आली होती. तिला वाटत होतं ती नेहमीसारखी बाजूने चालणार. मी म्हटलं, मागे बस. म्हणाली, नको गो, घोडीला भार. दाजींनी सांगितलं भार होत नाही, तरी ती चप्पल काढून बाकाजवळ उभीच. शेवटी मी म्हटलं, "आई, मला हाकायचंय. तू बसल्याशिवाय मी नाही निघणार." तेव्हा बसली, बाकाच्या काठाला, दोन्ही हातांनी दांडी धरून.

तबेल्यापासून आत वाडीकडे रस्ता जातो तो तुला आठवेल. दोन्ही बाजूंना भात कापून वाल पेरलेले, शेंगा धरलेल्या. कुणीतरी मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास येत होता. मला मागे वळून बघता येत नाही, मान तेवढी वळत नाही. मी पुढे बघून हाकत होते आणि आईशी बोलत होते, वाल बघ, बगळे बघ. उत्तर येईना. मला वाटलं, घाबरली.

शिवा हळूच म्हणाला, "आई झोपल्यात."

ताई, आपल्या आईला तू कधी कुठल्या वाहनात झोपलेली पाहिलीयेस? मला मांडीवर घेऊन, पिशव्या पायाशी, एक डोळा स्टेशनांवर, अशीच ती कायम बसलेली. शिवाने तिच्या मागे आपलं जाकीट गुंडाळून लावलं होतं. मी लगाम ढिला केला आणि चंद्रावतीला अगदी सावकाश चालू दिलं. वाडी आली तरी वळवली नाही, पुढे नदीकडे गेले. परत तबेल्याचं फाटक आलं, तेव्हा गाडी थांबल्याने आई जागी झाली. तोंडावरून हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "आली काय जागा? अजून जरा फिरव ना."

मी अजून फिरवलं.

त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं की मी ताईला सगळं लिहिणार आहे. मला वाटलं नको म्हणेल. ती पाटावर बसली होती. गेले काही दिवस ती रोज संध्याकाळी जमिनीवर पाट मांडून, भिंतीला पाठ लावून पाय लांब पसरून बसते, आणि पायांवर उशी ठेवते. मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम म्हणाली होती. डॉक्टरांनी असला व्यायाम सांगितलेला नाही. त्या दिवशी तिने आधी उशीचा अभ्रा हाताने सारखा केला. मग म्हणाली, "लिही. पण असं लिही, का बाळाला तेल लावून न्हाऊ घालाया आता मला खाली बसता येतंय. उठवाया कुणी लागत नाय."

ते लिहिलं.

आता तू कधी येतेस ते कळव. बाळंतपण झालं नाही तर नाही, लेकीला घेऊन माहेरपणाला ये, हवं तितकं राहा. पेणपर्यंत येऊ नकोस, रोह्यालाच उतर. रविवार बघून ये. आई स्टेशनात येईल. मी बाहेर असेन, गाडी जोडून. लेकीला मांडीवर घेऊन आईच्या शेजारी बस. हाकीन मी. चंद्रावती नवख्या माणसाला त्रास देत नाही आणि बाळं तिला आवडतात, असं शिवा म्हणतो.

भाऊजींना नमस्कार, तुझ्या सासूबाईंना आईचा आणि माझा नमस्कार, लेकीला पापे.

आणि ताई, तुझा राग आहे, तो मी सांगते म्हणून लगेच जाऊ दे असं मी म्हणणार नाही. राग घेऊन आलीस तरी चालेल. पण ये.

तुझीच,
मृणाली